बिनतारी संभाषणाचे दोन छंद

छंद म्हणजे रिकामा वेळ घालविण्याचें साधन, असा सामान्य समज आहे. बिनतारी संभाषणाचा छंद मात्र मनुष्यास ऐकावयास शिकवितो. कारण बोलण्याची कळ दाबलेली असे तोंवर दुसऱ्याचें बोलणें ऐकूंच येत नाहीं. उभा जन्म वर्गांत बोलण्यांत गेलेल्या आमच्यासारख्या शिक्षकास हा धडा वार्धक्यांत मिळाला.

या छंदाच्या दोन वाटा आहेत. पहिली 'सिटिझन्स बँड'ची. आपल्या देशांत २६.९५७ ते २७.२८३ मेगाहर्ट्झ हा पट्टा २००५ सालीं पांच वॅटपर्यंतच्या संचांसाठीं परवान्यावांचून खुला करण्यांत आला. वाघोलीस आमच्या गच्चीवरून आम्ही रोज सायंकाळीं नगर रस्त्यापलीकडील एका वृद्ध स्नेह्यांशीं या पट्ट्यावर बोलतों. मध्यें उंच इमारती उठल्यापासून आवाज क्षीण येतो. गोडी मात्र कमी झालेली नाहीं.

दुसरी वाट हौशी रेडिओची, म्हणजे 'हॅम'ची. तींत बारा वर्षांवरील कोणासही प्रवेश आहे. परंतु रेडिओशास्त्र व नियम या विषयांची सरकारी परीक्षा उतरून परवाना व 'व्हीयू'नें आरंभ होणारें संकेतनाम मिळवावें लागतें. त्याचें फळही मोठें आहे. वातावरणाच्या वरच्या विद्युन्मय थरावरून लहरी परतून सातासमुद्रांपलीकडील मनुष्याशीं संभाषण घडतें.

गतवर्षीं आमच्या नातवानें एका मित्राचा हॅम संच घरीं आणला. परवान्यावांचून त्यावर बोलूं नये, असें आम्ही सांगतांच तो म्हणाला, "आजोबा, १९४२ सालीं उषा मेहतांनीं मुंबईस काँग्रेस रेडिओ चालविला, तो काय परवाना काढून?"

क्षणभर आम्ही निरुत्तर झालों. मग म्हटलें, "बाळ, त्यांनीं तें देशासाठीं केलें आणि त्याचें मोल कारावास भोगून दिलें. तूं कशासाठीं करणार?"

"पण माझ्या दोन शब्दांनीं कोणाचें काय बिघडणार?"

तेव्हां त्यास अंदमानची हकीकत सांगितली. २६ डिसेंबर २००४ रोजीं त्सुनामीच्या लाटांनीं तेथील दूरध्वनि बंद पडले, तेव्हां याच छंदापायीं पोर्ट ब्लेअरला गेलेल्या भारती प्रसाद व त्यांच्या सहकाऱ्यांनीं संकटांतील लोकांचे निरोप मुख्य भूमीवर पोंचविले. त्या घटकेस त्याच लहरीवर कोणी अजाण बडबडत असता तर? नातवानें संच परत केला.

पुढें आम्ही दोघांनीं एकाच पुस्तकावरून अभ्यास केला. नातू उत्तीर्ण झाला. आम्ही विद्युच्छास्त्रांत अडखळून नापास झालों. आयुष्यभर मुलांचे निकाल लावणारास स्वतःचा निकाल वाचतांना लाज वाटली, हें लपवीत नाहीं. आतां नातू स्वतःच्या संचावर दूरदेशीं बोलतो व आम्ही शेजारीं बसून ऐकतों. सायंकाळीं आमचा पांच वॅटांचा संच आहेच. हॅम मंडळींपैकीं कांहींजण त्यास हलका लेखतात, तें आम्हांस मान्य नाहीं. शेजार जोडणें हें कांहीं हलकें काम नव्हे.

ज्या घरांत बारा-तेरा वर्षांचीं मुलें आहेत, तेथील वडीलधाऱ्यांनीं मुलांसह या परीक्षेस बसावें, अशी आमची विनंती आहे. अपयशाची भीति वाटल्यास आमचें उदाहरण समोर आहेच. आम्हीं पुन्हां अर्ज भरला आहे.