इंग्रजीचा गृहपाठ आणि घरातले गैरसमज

‘इंग्रजी आमच्या आवाक्याबाहेरचं, शिकवणीच लावायला हवी,’ असं अनेक आईवडील मूल पाचवीत जायच्या आतच ठरवून टाकतात. शिकवणी लावायला हरकत नाही, पण त्यासाठी दिलेलं हे कारण चुकीचं आहे. मुलाच्या गृहपाठात मदत करायला फाडफाड इंग्रजी लागत नाही. आपण शाळेत शिकलेलं मराठी व्याकरण तिथे बरंच उपयोगी पडतं आणि एका जागी हमखास दगाही देतं.

ती जागा म्हणजे प्रयोग. ॲक्टिव्ह व्हॉइस म्हणजे कर्तरी आणि पॅसिव्ह म्हणजे कर्मणी, असं आपण बिनदिक्कत सांगतो. आता ‘रामाने आंबा खाल्ला’ हे वाक्य घ्या. आंब्याऐवजी चिंच आली की ‘खाल्ली’ होतं, म्हणजे क्रियापद कर्माच्या मागे जातं. मराठीत हा कर्मणी प्रयोग झाला. इंग्रजीत मात्र हेच वाक्य सरळ ॲक्टिव्ह असतं: ‘राम एट अ मँगो’. तिथल्या पॅसिव्हला जवळचं मराठी वाक्य ‘रामाकडून आंबा खाल्ला गेला’ हे, ज्याला आपल्याकडे नवीन कर्मणी म्हणतात. एवढा फरक कळला तरी मुलाचा निम्मा गोंधळ संपतो.

आर्टिकलचं दुखणं वेगळं आहे. मराठीत आर्टिकल नसल्यामुळे मुलं नियम पाठ करतात: ए, ई, आय, ओ, यू या अक्षरांआधी ‘ॲन’. पण नियम अक्षराचा नसून उच्चाराचा आहे. म्हणून ‘अ युनिव्हर्सिटी’, पण ‘ॲन अवर’ आणि ‘ॲन एमएलए’. शब्द मोठ्याने म्हणायला लावा, बस. वाक्याच्या शेवटी प्रिपोझिशन चालत नाही, हा दंडकही असाच. १६७२ मध्ये ड्रायडनने बेन जॉन्सनच्या लेखनात हा दोष काढला होता. इंग्रज मात्र तेव्हाही तसंच बोलत आणि आजही तसंच बोलतात.

खरी पंचाईत कवितेपाशी होते. दहावीच्या रसग्रहणात शीर्षक, कवी, यमकरचना, अलंकार आणि मध्यवर्ती कल्पना एवढं भरलं की काम झालं, अशी समजूत आहे. कविता म्हटली की यमक असणारच, असं धरून मुलं टागोरांच्या ‘व्हेअर द माइंड इज विदाउट फिअर’लाही एखादी यमकरचना चिकटवतात. मूळ बंगाली कवितेत यमक आहे. पण टागोरांनी स्वतः केलेलं आणि १९१२ च्या इंग्रजी ‘गीतांजली’त आलेलं रूप मुक्तछंदात आहे. ‘यमक नाही’ हेही पूर्ण उत्तर असतं.

‘ऑल द वर्ल्ड्ज अ स्टेज’मध्येही यमक नाही, पण तो मुक्तछंद नव्हे. त्याला ब्लँक व्हर्स म्हणतात, कारण आघातांची लय ठरलेली आहे. त्याहून मोठी चूक अर्थाची होते. ‘शेक्सपिअर म्हणतो, म्हातारपण म्हणजे सगळं गमावणं’ असं गाइडी वळणाचं वाक्य वहीत सर्रास सापडतं. शेक्सपिअर असं म्हणत नाही. हे भाषण ‘ॲज यू लाइक इट’मधल्या जेक्विझ नावाच्या खिन्न, तिरकस पात्राचं आहे. ते संपताच नाटकाचा नायक ऑर्लँडो आपल्या वृद्ध नोकराला, ॲडमला, उचलून आत आणतो. हा ऐंशीच्या घरातला म्हातारा भुकेने खचला आहे, पण आयुष्यभराची पुंजी त्याने धन्याला देऊ केली आहे आणि त्याच्यासोबत रानात आला आहे. जेक्विझचं म्हणणं नाटककाराने तिथल्या तिथे तपासायला ठेवलं आहे. पाठ्यपुस्तकात फक्त भाषणच असल्यामुळे हे मुलांपर्यंत पोचत नाही.

म्हणून ‘कवीला काय म्हणायचंय?’ याआधी ‘हे कोण बोलतंय, कोणाशी आणि का?’ हे विचारा. हा प्रश्न मराठीतच विचारायचा आहे. साहित्यात कुठलंही उत्तर चालतं, हा याच्या उलट टोकाचा गैरसमज. अर्थ अनेक निघतात, पण प्रत्येकाला ओळींचा आधार दाखवता आला पाहिजे.

एक विनंती मात्र आहे: उत्तर लिहून देऊ नका. मुलाला आधी मराठीत सांगू द्या, मग त्याच्याच मोडक्या इंग्रजीत लिहू द्या. चार चुका राहतील. त्या वर्गात बाई दाखवतील, ते त्यांचं काम आहे.