उणीव ओळखा, मग बाटली उघडा



कांहीं वर्षांपूर्वीं माझ्या आठवीच्या वर्गांत एक मुलगा मागल्या बांकावर बसत असे. अभ्यासांत तो चांगला. परंतु विचारावें एक आणि त्यानें उत्तर द्यावें भलतेंच, असें वारंवार होऊं लागलें. तो लक्ष देत नाहीं असें समजून मीं त्याला दोन वेळां उभें केलें, हें लिहितांना आजही लाज वाटते. पुढें पालकसभेस त्याचे वडील आले तेव्हां म्हणाले, "सर, पोराला कमी ऐकूं येतंय, ठाऊक आहे आम्हांला. पांच महिने ताकदीच्या गोळ्या देतोय. एवढी बाटली संपूं द्या, फरक पडेल." त्या बाटलीवर ठळक अक्षरांत तीन आश्वासनें छापलेलीं होतीं: अंगांत उत्साह, कानांत श्रवणशक्ति आणि हृदयाला बळ.

आम्हीं फार आग्रह केला तेव्हां मुलाला रुग्णालयांत नेण्यांत आलें. कानाच्या डॉक्टरांनीं पाहिलें तों उजव्या कानांत बरेच दिवस पू होत असून पडद्याला भोंक पडलेलें. औषधानें पू थांबला. परंतु त्या कानाचें ऐकणें पूर्ववत् झालें नाहीं. गोळ्यांनीं मुलाला अपाय केला असें डॉक्टर म्हणाले नाहींत. गोळ्यांच्या भरंवशावर जे पांच महिने गेले, त्यांनीं अपाय केला, असें ते म्हणाले.

ह्या अनुभवामुळें पूरक गोळ्या, चूर्णें व टॉनिकें ह्यांचा खरा उपयोग केव्हां होतो आणि केव्हां होत नाहीं, हें थोडक्यांत सांगण्याचें योजिलें आहे.

आपल्या अन्नांत पिष्ट, स्निग्ध व प्रथिन पदार्थ असतात. त्यांखेरीज जीवनसत्त्वें आणि खनिजें हीं अत्यल्प प्रमाणांत असतात. हें प्रमाण किती अल्प? प्रौढ मनुष्यास दिवसाला आयोडीन लागतें तें एका ग्रॅमचे दहा लाख भाग केल्यास त्यांतील केवळ १५० भाग. परंतु एवढेंसें न मिळालें तरी शरीराचा कारभार बिघडतो. कंदिलाचें उदाहरण घ्या. तेल संपलें असेल तर तेल घालतांच ज्योत पुन्हां उजळते. टाकी भरलेली असतां आणखी तेल ओतलें तर तें खालीं सांडतें, उजेड वाढत नाहीं. आणि कांच काजळल्यामुळें उजेड कमी पडत असेल, तर कितीही तेल ओतलें तरी कांच पुसल्यावांचून तरणोपाय नाहीं. पूरक पदार्थांची सारी कथा ह्या दृष्टान्तांत आली.

आतां त्या बाटलीवरील तीन आश्वासनें क्रमानें तपासूं.

पहिलें आश्वासन उत्साहाचें. ह्या बाबतींत आपल्या मुंबईनेंच जगाला एक मोठा धडा दिला आहे. डॉ. ल्यूसी विल्स नांवाच्या इंग्रज विदुषी इ. स. १९२८ सालीं मुंबईस आल्या. गिरणीकामगार वर्गांतील गरीब गरोदर स्त्रियांना एक प्रकारचा तीव्र रक्तक्षय होत असे, व त्यांत कित्येक दगावत. ह्या स्त्रियांच्या आहारांतच कांहीं उणें असावें असा विल्सबाईंना संशय आला. हाफकिन संस्थेंत व अन्यत्र त्यांनीं माकडांवर प्रयोग केले, आणि पुढें रोगी स्त्रियांना मार्माइट, म्हणजे यीस्टचा एक स्वस्त अर्क, देऊन पाहिला. स्त्रिया झपाट्यानें सुधारल्या. इ. स. १९३१ सालीं हें संशोधन प्रसिद्ध झालें. त्या अर्कांतील गुणकारी द्रव्य इ. स. १९४१ सालीं पालकाच्या पानांतून वेगळें काढण्यांत आलें, आणि पानाला लॅटिन भाषेंत जो शब्द आहे त्यावरून त्याचें नांव फॉलिक अॅसिड असें पडलें. शाळेंत दर आठवड्यास मिळणारी निळी गोळी मुलामुलींना परिचित आहे. तिच्यांत लोह आणि हेंच फॉलिक अॅसिड असतें. इ. स. २०१९ ते २०२१ ह्या काळांत झालेल्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणींत भारतांतील १५ ते ४९ वर्षांच्या स्त्रियांपैकीं शेंकडा ५७ स्त्रियांना रक्तक्षय असल्याचें आढळलें. तेव्हां ती गोळी बांकाखालीं टाकून देणाऱ्या मुलींनीं पुन्हां विचार करावा.

परंतु विल्सबाईंच्या गोष्टींत आणखी एक मर्म आहे. ब-१२ ह्या जीवनसत्त्वाच्या अभावानेंही जवळजवळ तसाच रक्तक्षय होतो. अशा रोग्यास केवळ फॉलिक अॅसिड दिलें, तर रक्त सुधारल्यासारखें दिसतें, आणि आंत मज्जातंतूंचा नाश मात्र चालूच राहतो. उणीव एकीची आणि भरणा दुसरीचा, असें झालें म्हणजे औषधच रोग झांकून ठेवतें. लोहाचेंही तसेंच आहे. वाजवीपेक्षां अधिक झालेलें लोह बाहेर टाकण्याची सोय शरीरांत नाहीं. म्हणून रक्त न तपासतां वर्षानुवर्षें लोहाच्या गोळ्या खाणें योग्य नव्हे, व त्या गोळ्या लहान मुलांच्या हातीं लागूं देणें तर प्राणघातक ठरूं शकतें. शिवाय थकव्याचीं कारणें अनेक: जंत, क्षय, मधुमेह, गलग्रंथीचा मंदपणा, आणि आमच्या विद्यार्थ्यांच्या बाबतींत बहुधा रात्रीचें जागरण व उपाशीपोटीं शाळेस येणें.

दुसरें आश्वासन हृदयाला बळ देण्याचें. येथेंही खऱ्या उणिवेची एक विलक्षण कथा आहे. जपानी आरमारांत बेरीबेरी नांवाच्या रोगाचा कहर होता. ह्या रोगांत हातपाय लुळे पडतात, अंग सुजतें आणि हृदय फुगून मनुष्य दगावतो. इ. स. १८८२-८३ च्या सफरींत 'रयूजो' ह्या जहाजावरील ३७६ खलाशांपैकीं १६९ जणांना हा रोग जडला व २५ मृत्युमुखीं पडले. ताकाकी कानेहिरो ह्या आरमारी वैद्यानें पाहिलें कीं, खलाशी प्रायः पांढऱ्या सडलेल्या तांदळावरच राहतात. इ. स. १८८४ सालीं त्यानें 'त्सुकुबा' नांवाचें दुसरें जहाज त्याच मार्गानें, पण मांस, दूध, धान्य इत्यादींचा सुधारलेला शिधा देऊन पाठविलें. त्यावर बेरीबेरीनें एकही मनुष्य मेला नाहीं. पुढें डच वैद्य आइकमन ह्यांना बटेव्हिया, म्हणजे आजचें जाकार्ता, येथें असें आढळलें कीं, पांढऱ्या तांदळावर पोसलेल्या कोंबड्या लुळ्या पडतात आणि कोंड्यासह तांदूळ मिळतांच बऱ्या होतात. कोंड्यांतील तें द्रव्य म्हणजे ब-१ जीवनसत्त्व. आमच्या कोंकणांत व गोव्यांत उकड्या तांदळाची पेज पिण्याची जी जुनी चाल आहे, ती ह्या दृष्टीनें फार हिताची. कारण भात उकडतांना हें जीवनसत्त्व कोंड्यांतून दाण्यांत मुरतें व सडल्यावरही बरेंचसें टिकतें.

मग ज्यांना अशी उणीव नाहीं त्यांचें हृदय गोळ्यांनीं अधिक बळकट होतें काय? ह्याचीही परीक्षा झालेली आहे. हृदयविकाराचा विशेष धोका असलेल्या नऊ हजारांहून अधिक लोकांपैकीं निम्म्यांना ई जीवनसत्त्व व निम्म्यांना तशीच दिसणारी निःसत्त्व गोळी सुमारें साडेचार वर्षें देण्यांत आली. इ. स. २००० सालीं निष्कर्ष प्रसिद्ध झाला: दोहोंत कांहींच फरक पडला नाहीं. फिनलंडमध्यें तर याहून वाईट घडलें. तेथें २९,१३३ धूम्रपान करणाऱ्या पुरुषांवर प्रयोग झाला. गाजराला रंग देणारें बीटा-कॅरोटीन गोळीच्या रूपानें ज्यांना मिळालें, त्यांच्यांत फुप्फुसाचा कर्करोग कमी होण्याऐवजीं शेंकडा १८ नें अधिक आढळला. हें वृत्त इ. स. १९९४ सालीं बाहेर आलें. गाजर खाणें हितकर आहे, म्हणून त्याचा अर्क मणभर घेणें अधिक हितकर, हा हिशेब शरीराला मान्य नाहीं. हृदयाचें खरें रक्षण तंबाखू वर्ज्य करणें, मीठ बेतानें खाणें, रोज चालणें आणि रक्तदाब वेळोवेळीं तपासून घेणें ह्यांतच आहे.

तिसरें आश्वासन श्रवणशक्तीचें. आणि हेंच सर्वांत फसवें. कानाचाही पोषणाशीं एक खरा संबंध आहे. गरोदरपणीं मातेला आयोडीन अत्यंत कमी मिळालें, तर मूल बहिरें, मुकें व मतिमंद जन्मूं शकतें. हिमालयाच्या पायथ्याशीं ही आपत्ति व गलगंड ह्यांचें प्रमाण मोठें होतें. इ. स. १९५६ पासून कांगडा खोऱ्यांत डॉ. रामलिंगस्वामी व त्यांच्या सहकाऱ्यांनीं आयोडीनयुक्त मिठाचा प्रयोग केला, आणि गलगंड झपाट्यानें ओसरला. आज प्रत्येक स्वयंपाकघरांत जें आयोडीनयुक्त मीठ आहे, त्यामागें ही पुण्याई आहे. कानासाठीं इतकें उत्तम व इतकें स्वस्त पूरक दुसरें नाहीं. आणि तें आपण रोजच खातों.

परंतु जन्मानंतर कमी होणारें ऐकणें बहुधा वेगळ्याच कारणांनीं कमी होतें: मळाचा खडा, सर्दींतून कानांत गेलेला पू, कांहीं औषधें, वार्धक्य, आणि मोठा आवाज. आपल्या अंतःकर्णांत गोगलगाईच्या शंखासारखी एक नळी असते. तींत सुमारें पंधरा हजार सूक्ष्म केसपेशी असतात. आवाजाच्या माऱ्यानें त्या एकदां मेल्या, म्हणजे मनुष्यांत त्या पुन्हां उगवत नाहींत. ८० डेसिबलचा आवाज आठवड्यांतून ४० तासांपर्यंत कान सोसूं शकतात. ९० डेसिबलला ही मर्यादा अवघी ४ तासांवर येते. मिरवणुकींत भोंग्यापुढें नाचणाऱ्या व कानांत इयरफोन घालून झोंपणाऱ्या विद्यार्थ्यांनीं हें गणित स्वतःच करून पाहावें. मेलेली पेशी जिवंत करील अशी गोळी कोणत्याही बाटलींत नाहीं.

अशा जाहिरातींस आळा घालण्याकरितां आपल्या देशांत इ. स. १९५४ सालींच कायदा झाला आहे. बहिरेपणा व हृदयविकार बरा करण्याचा दावा करून औषधाची जाहिरात करण्यास त्यानें बंदी आहे; दोन्हीं रोगांचीं नांवें त्याच्या परिशिष्टांत स्पष्ट दिलेलीं आहेत. म्हणूनच हुशार विक्रेते 'बरा करतों' असें न म्हणतां 'बळ देतों' असें लिहितात. वाचणारानें हा शब्दांतील फरक ध्यानांत ठेवावा.

पालकहो, आपण मुलांसाठीं पोटाला चिमटा घेऊन ह्या बाटल्या आणतां, हें मी जाणतों. त्यामागील मायेला नांव ठेवण्याचा माझा हेतु नाहीं. माझी विनंति एवढीच कीं, बाटली उघडण्यापूर्वीं उणीव कोणती हें विचारावें. मूल थकत असेल तर आधीं रक्त तपासावें. खेळतांना धांप लागत असेल, छातींत धडधडत असेल तर हृदय तपासून घ्यावें. हांक ऐकूं येत नसेल तर त्याच आठवड्यांत कान दाखवावा. सरकारी रुग्णालयांत ह्या तपासण्यांना जो खर्च येतो, तो बहुधा एका बाटलीच्या किंमतीहून कमी असतो. उणीव सांपडली तर डॉक्टर सांगतील ती गोळी नेमानें द्यावी. न सांपडली तर त्याच पैशांत हिरवी भाजी, डाळ, शेंगदाणे, लिंबू, आंवळा आणि अंडें येतें.

तो मुलगा पुढें दहावी उत्तीर्ण होईपर्यंत माझ्या वर्गांत पहिल्या बांकावर बसला, आणि डावा कान माझ्याकडे येईल अशा बाजूस बसला. त्या दिवसापासून कोणा विद्यार्थ्यानें भलतें उत्तर दिलें, तर त्याला उभें करण्यापूर्वीं मी एकदां जवळ जाऊन विचारतों, "बाळ, प्रश्न नीट ऐकूं आला होता ना?"