कुरटे बेट आणि राजाचे तांबे

१९९९ साली भारत सरकारने दोन रुपयांचे एक नाणे काढले. अकरा बाजू, तांबे-निकेलचे मिश्रण, सहा ग्रॅम वजन, २६ मिलिमीटर रुंदी. एका बाजूला अशोकस्तंभ आणि दुसऱ्या बाजूला छत्रपती शिवाजी महाराज. राज्याभिषेकाला ३२५ वर्षे झाली ते हे साल. स्मारक नाण्यांत माझे सर्वांत लाडके नाणे हेच, आणि त्याचे कारण त्याची दुर्मीळता नाही. ते काचेच्या डबीत विकायला काढलेले नव्हते. तळेऱ्याच्या नाक्यावर चहा प्यायला की सुट्ट्या पैशांत ते परत मिळायचे. कोल्हापूरहून गगनबावड्याचा घाट उतरून आलेला ड्रायव्हर ते द्यायचा आणि विजयदुर्गाच्या एसटीत बसणारी मासेवाली ते कनवटीला लावायची. महाराजांचे नाव असे हातोहात फिरण्याची रीत या मुलखात नवी नाही. मला सांगायचे आहे ते तिच्याबद्दल.

आमचे तळेरे म्हणजे तिठा. मुंबई-गोवा महामार्ग इथून जातो, वैभववाडीकडून घाटावरचा रस्ता येतो आणि पुढे विजयदुर्गाकडे उतरतो. तिठ्यावरच्या माणसाला जुन्या नाण्यांचा नाद लागला तर नवल नाही. माल जिथून जातो तिथून पैसाही जातो, आणि थोडा तिथेच सांडतो. उत्तरेला थोड्याच अंतरावर वाघोटण नदीकाठी खारेपाटण आहे. आज महामार्गावरून जाणाऱ्याला तो एक थांबा वाटतो, पण हजार वर्षांपूर्वी ते गजबजलेले बंदर होते. तिथे सापडलेले शिलाहार राजा रट्टराजाचे ताम्रपट शके ९३०चे, म्हणजे इ.स. १००८चे आहेत. मंदिरासाठी आणि तिथल्या तपस्व्यांसाठी दिलेल्या दानाचा हा लेख. परदेशातून येणाऱ्या प्रत्येक गलबतामागे एक सोन्याचा गद्याण घ्यावा, असे त्यात नमूद आहे. कंदलमूलीय नावाच्या ठिकाणाहून येणाऱ्या गलबतांचा दर वेगळा, एक धरण सोने. चेमूल्य आणि चंद्रपूर, म्हणजे चौल आणि गोव्यातले चांदर, इथली गलबते यातून वगळलेली. आपल्या खाडीत त्या काळी सोन्याच्या नाण्यात जकात मोजत होते, हे वाचले तेव्हा मी खारेपाटणच्या बंदरावर जाऊन बराच वेळ पाण्याकडे बघत उभा राहिलो होतो. हे ताम्रपट पहिल्यांदा वाचून छापले ते बाळशास्त्री जांभेकरांनी. ‘दर्पण’ काढणारे बाळशास्त्री मूळचे पोंभुर्ल्याचे, आमच्या शेजारचे. पत्रकारदिनी, ६ जानेवारीला, त्यांच्या नावाने भाषणे होतात, पण त्यांनी केलेल्या या ताम्रपटवाचनाचा उल्लेख कोणी करत नाही. तो करायला हवा.

आता बेटाकडे. मालवणच्या किनाऱ्यासमोर कुरटे नावाचा खडक होता. मार्गशीर्ष वद्य द्वितीया, शके १५८६, म्हणजे २५ नोव्हेंबर १६६४ रोजी महाराजांनी किनाऱ्यावरच्या मोरयाच्या धोंड्यापाशी पूजा केली आणि सिंधुदुर्गाच्या कामाला हात घातला. हिरोजी इंदुलकरांनी ते उभे केले. तीनेक वर्षांत ४८ एकरांचा जलदुर्ग तयार झाला. तटाची लांबी सुमारे तीन किलोमीटर, आणि पायाच्या दगडांच्या जोडात शिसे ओतलेले. आत दूधबाव, दहीबाव आणि साखरबाव अशा गोड्या पाण्याच्या विहिरी. चहूकडून खारे पाणी, आणि मधोमध हे गोडे. १६९५ मध्ये राजाराम महाराजांनी बांधलेले शिवराजेश्वराचे मंदिरही इथेच. मालवणहून होडीत बसून तिथे जायला मला कधी कंटाळा आलेला नाही. सरत्या पावसात, समुद्र पुरता निवळलेला नसताना गेलो तेव्हा तटावरचे शेवाळ इतके हिरवे होते की दगड ओळखू येत नव्हता.

बेटाचा पुढचा राजकीय इतिहास थोडक्यात. सातारा आणि कोल्हापूर अशी गादी विभागल्यावर मालवण कोल्हापूरकडे आले. १७६५ मध्ये इंग्रजांनी किल्ला घेतला, त्याला ‘फोर्ट ऑगस्टस’ असे नाव दिले आणि पुढच्या वर्षी परत कोल्हापूरकरांच्या हवाली केला. १८१२च्या करवीरच्या तहाने तो कायमचा इंग्रजांकडे गेला. जलदुर्ग जिंकल्याची आठवण जपण्यात इंग्रज कमी नव्हते. हर्णैचा सुवर्णदुर्ग १७५५ मध्ये कमोडोर विल्यम जेम्सने घेतला. त्याच्या मृत्यूनंतर त्याच्या पत्नीने लंडनजवळ शूटर्स हिलवर १७८४ मध्ये एक तीनकोनी मनोरा बांधला. त्याचे नाव ‘सेव्हर्नड्रूग कॅसल’, म्हणजे सुवर्णदुर्गच. कोकणातल्या एका जलदुर्गाच्या नावाने परमुलखात मनोरा उभा आहे, पण सिंधुदुर्गाच्या नावाचे चलनी नाणे मात्र अजून माझ्या हाती आलेले नाही.

दूर कॅरिबियन समुद्रातल्या लहान बेटांनी आपल्या नावाची नाणी कशी काढली ते पाहा. १९७० मध्ये डॉमिनिका, ग्रेनेडा, सेंट लुशिया, सेंट व्हिन्सेंट अशा तिथल्या अनेक मुलखांनी एकाच धाटणीचे चार डॉलरचे नाणे काढले. त्यावर केळी आणि ऊस आहे. निमित्त होते कॅरिबियन विकास बँकेचे आणि जगभर अन्न वाढवण्याच्या मोहिमेचे. त्याच साली आपल्याकडेही अन्नाचा विषय घेऊन वीस पैशांचे आणि दहा रुपयांचे नाणे निघाले. स्वातंत्र्य मिळाल्यावर, म्हणजे ग्रेनेडाला १९७४ मध्ये आणि डॉमिनिकाला १९७८ मध्ये, त्या बेटांची स्मारक नाणी वाढली. यातली पुष्कळशी परदेशी संग्राहकांना विकण्यासाठीच होती. त्या बेटांवरच्या मच्छीमाराने ती कधी खर्चली नसतील. नाणे खर्चले गेले नाही तर त्यात आणि पदकात फरक उरत नाही, असे माझे ठाम मत आहे.

म्हणूनच शिवराई या महाराजांच्या तांब्याच्या नाण्याकडे मी पुन्हा पुन्हा परत येतो. ६ जून १६७४ला रायगडावर राज्याभिषेक झाला आणि नव्या छत्रपतीच्या नावाची नाणी निघाली. रायगडावर टांकसाळीची जागा आजही दाखवतात. सोन्याचा होन आणि तांब्याची शिवराई, दोन्हींवर एकच मजकूर: एका बाजूला ‘श्री राजा शिव’, दुसऱ्या बाजूला ‘छत्र पति’. आजूबाजूच्या नाण्यांवर फारसी असताना हा मजकूर देवनागरीत आला. त्यावर वर्ष नाही, चित्र नाही, कसली बढाई नाही. हाताने घाव घालून पाडलेली नाणी ही. त्यामुळे ठसा क्वचितच मध्यावर बसलेला असतो. एका शिवराईवर ‘राजा’ पूर्ण तर ‘शिव’ अर्धा, दुसरीवर फक्त ‘जा शि’. अक्षरांच्या वळणावरून, बिंदूंच्या कडेवरून आणि मागच्या काना-मात्रेवरून अभ्यासकांनी शेकड्याने प्रकार वेगळे केले आहेत. पुढे मजकुरासोबत दोन आडव्या रेघा आल्या आणि त्या नाण्याला दुदांडी शिवराई म्हणू लागले. राजा गेला, गादी विभागली, सत्ता पेशव्यांकडे गेली, पण तांब्यावरचे नाव तेच राहिले. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धातही शिवराई बाजारात चालत होती.

राज्याभिषेकाला मुंबईकर इंग्रजांचा वकील हेन्री ऑक्झिंडेन रायगडावर होता. महाराजांची सुवर्णतुला झाली तेव्हा वजन सुमारे १६,००० होन भरले, असे त्याने लिहून ठेवले आहे. या आकड्याने मला बरीच वर्षे वेड लावले आहे. शिवरायांचा होन सुमारे २.७ ते २.९ ग्रॅमचा. म्हणजे १६,००० होन झाले ४३ ते ४६ किलोंचे. दक्षिणेतला जुना होन मात्र ३.४ ग्रॅमच्या आसपास भरतो, त्या हिशेबाने वजन ५४ किलोंवर जाते. घोड्यावर आयुष्य काढलेल्या, सडपातळ बांध्याच्या माणसाला दुसरा आकडा जास्त शोभतो. शिवाय नवे होन नुकतेच पाडायला लागले होते, आणि खजिन्यात दक्षिणेतल्या जुन्या होनांची रास होती. सभासदाच्या बखरीतली यादी पाहिली तर अच्युतराई, देवराई असे विजयनगरच्या वळणाचे होन शिवराई होनांबरोबर मोजलेले आहेत. तुलेच्या पारड्यात जास्त करून हे जुनेच सोने पडले असावे, असे मला वाटते.

ऑक्झिंडेन आला होता तो मात्र दुसऱ्याच कामासाठी. मुंबईचा गव्हर्नर जेराल्ड आँजिअर याने १६७२ मध्ये मुंबईत टांकसाळ सुरू केली होती. चांदीचा अँग्लिना, तांब्याचा कॉपरून आणि कथलाचा टिनी अशी नाणी तिथे पडत. ही नाणी स्वराज्यात चालावीत, अशी इंग्रजांची मागणी होती. महाराजांचे उत्तर मला कोणत्याही लढाईइतके मोलाचे वाटते. कोणाचेही नाणे चालायला मी मनाई करत नाही, पण ज्या नाण्यात माझ्या रयतेचे नुकसान आहे ते घ्या म्हणून तिच्यावर सक्तीही करणार नाही. तुमचे नाणे मोगलांच्या आणि इतर राजांच्या नाण्याइतके कसाचे आणि वजनाचे असेल तर ते आपोआप चालेल. हा त्या उत्तराचा आशय. नव्याने अभिषिक्त झालेला राजा नाण्यावरच्या नावाआधी कसाचा आणि रयतेच्या तोट्याचा विचार करतो. राजकारणाच्या पुस्तकांत या कलमाला दोन ओळी मिळतात, त्याला एक प्रकरण मिळायला हवे.

स्वतंत्र भारतातले पहिले स्मारक नाणे १९६४चे, पंडित नेहरूंचे, एक रुपया आणि पन्नास पैसे. मग १९९६ ते १९९९ या काळात दोन रुपयांवर सरदार पटेल, नेताजी, श्रीअरविंद, चित्तरंजन दास आणि शेवटी महाराज आले. लोकमान्य टिळकांचे पाच रुपयांचे नाणे २००७चे. ही सगळी नाणी खिशातून फिरली. शंभर, दीडशे आणि आता तीनशे रुपयांची जी नाणी निघतात ती डबीतच राहतात. अहिल्यादेवींचे तीनशे रुपयांचे नाणे २०२५ मध्ये निघाले, याचा आनंद आहेच. पण अहिल्यादेवी डबीत नकोत, हातात हव्यात.

जाताजाता, संग्रह करणाऱ्यांसाठी. आजच्या नाण्यावर सालाखाली हिऱ्यासारखी खूण असेल तर ते मुंबई टांकसाळीचे, तारा असेल तर हैदराबादचे, ठिपका असेल तर नॉयडाचे. खूण नसेल तर कोलकात्याचे. १९९९चे नाणे घरात असेल तर भिंगाखाली धरा आणि ओळखा.

खारेपाटणच्या एका अंगणात एका आजीने देव्हाऱ्यातली शिवराई माझ्यापुढे ठेवली आणि विचारले, “रे झिला, ह्येचे पैशे किती गावतले?” मी सांगितले, दुदांडी शिवराई सर्रास मिळते, तिचे फार पैसे येत नाहीत. “मगे ऱ्हवांदे देवाकडेच,” म्हणाली आणि हळद-कुंकू लावून ती परत ठेवली. इंटरनेटवर जुन्या नाण्याला लाखो रुपये देतो म्हणून आधी ‘शुल्क’ मागणारे भामटे या भागातही पोचले आहेत. त्यांना एक पैसाही देऊ नका.

सिंधुदुर्ग आणि विजयदुर्ग आता जागतिक वारशाच्या यादीत आहेत. जुलै २०२५ मध्ये मराठ्यांच्या १२ किल्ल्यांची नोंद झाली, त्यांत हे दोन्ही. या निमित्ताने कुरटे बेटाचा तट असलेले दोन किंवा पाच रुपयांचे नाणे निघावे, आणि ते बाजारात चालणारे असावे. आपल्या आमदार-खासदारांकडे ही मागणी करा. तोवर एक विनंती. शेतात, पडक्या वाड्यात, विहिरीच्या गाळात जुनी नाणी मिळाली तर चिंचेने घासू नका, सोनाराकडे वितळवू नका. दहा रुपयांपेक्षा जास्त मोलाचा गुप्त ठेवा सापडला तर १८७८च्या कायद्याप्रमाणे तो जिल्हाधिकाऱ्यांना कळवावा लागतो. कळवा, आणि ती कुठे व किती खोल मिळाली तेही त्याच दिवशी लिहून ठेवा.