अक्षरजुळणी, वैज्ञानिक लेखांची (मॅक्रो पद्धती)

वैज्ञानिक लेखातील मजकूर, गणितीय सूत्रे, चिन्हे, कोष्टके व आकृत्या यांची छपाईयोग्य रचना करण्याच्या क्रियेला वैज्ञानिक अक्षरजुळणी म्हणतात. ही जुळणी संगणकाच्या साहाय्याने करताना वारंवार लागणाऱ्या रचनेला किंवा चिन्हसमूहाला एकदाच नाव देतात आणि पुढे सर्वत्र त्या नावानेच तिचा निर्देश करतात. अशा नाव दिलेल्या आज्ञासमूहाला मॅक्रो ही संज्ञा आहे. मॅक्रोमुळे श्रम वाचतातच. परंतु सूत्र अचूक छापले जाण्याचे नियंत्रण त्या सूत्राचा अर्थ जाणणाऱ्या लेखकाच्या हाती येते, हे त्याचे विशेष महत्त्व होय.

सूत्रांच्या जुळणीतील अडचण : साधा मजकूर एकाच ओळीत पुढे सरकतो. सूत्रात मात्र घातांक वर, पादांक खाली, अंश रेषेच्या वर व छेद खाली अशी दुहेरी मांडणी असते आणि चिन्हाच्या स्थानावर त्याचा अर्थ अवलंबून असतो. ३० सप्टेंबर १९९३ रोजी पहाटे लातूर जिल्ह्याच्या औसा तालुक्यातील किल्लारी व लगतच्या परिसरात झालेल्या विनाशकारी भूकंपाचे उदाहरण घेता येईल. स्थिर मानल्या जाणाऱ्या दख्खनच्या पठारावर तो झाल्याने त्याविषयी पुष्कळ शोधनिबंध प्रसिद्ध झाले. भूकंपाची परिबल महत्ता काढण्यासाठी भूकंपीय परिबलाचा (खडकाची दृढता, भंगपृष्ठाचे क्षेत्रफळ व सरासरी घसरण यांच्या गुणाकाराचा) १० या आधारांकाचा लॉगरिथम घेतात, त्यातून ९·१ वजा करतात व बाकीला २/३ ने गुणतात. येथे परिबल न्यूटन-मीटरमध्ये घेतात. किल्लारीच्या भूकंपाची महत्ता सुमारे ६·२ धरल्यास परिबल सुमारे २·५ गुणिले १० चा १८ वा घात इतके येते. हा १८ घातांकाच्या जागेवरून घसरून ओळीत आला, तर ‘१०१८’ ही भलतीच संख्या छापली जाईल. तेथे १८ ऐवजी १७ पडले, तर वाचकाच्या गणिताने महत्ता सुमारे ५·५ येईल. अशी चूक वाक्यरचनेत उठून दिसत नाही; विषय न जाणणाऱ्या मुद्रितशोधकाच्या नजरेतून ती सहज निसटते.

इतिहास : खिळ्यांच्या जुळणीत जुळारी (कंपोझिटर) खणांतून एकेक खिळा उचलून ओळ रचीत असे. घातांकांसाठी लहान मापाचे खिळे, ग्रीक अक्षरांचे वेगळे खण आणि जागा भरून काढण्यासाठी शिशाच्या पट्ट्या लागत. त्यामुळे गणिती मजकुराची जुळणी सावकाश होई व महाग पडे. एकमुद्रण (मोनोटाइप) यंत्रांनी हे काम काहीसे सुकर केले, तरी अवघड सूत्रे शेवटी हातानेच सारखी करावी लागत. पुढे प्रकाशजुळणीची तंत्रे प्रचारात आली. अमेरिकन संगणकशास्त्रज्ञ डॉनल्ड क्नूथ यांना १९७७ मध्ये आपल्या संगणक-आज्ञावलीविषयक ग्रंथाच्या दुसऱ्या खंडाची, नव्या आवृत्तीसाठी प्रकाशजुळणीने केलेली मुद्रिते समाधानकारक वाटली नाहीत. म्हणून त्यांनी स्टॅनफर्ड विद्यापीठात ‘टेक्’ ही जुळणीची आज्ञावली रचण्यास आरंभ केला. तिची पहिली आवृत्ती १९७८ मध्ये झाली व १९८२ मध्ये ती नव्याने लिहिली गेली. टेक्-वर आधारलेला ‘लाटेक्’ हा मॅक्रोसंच लेस्ली लँपोर्ट यांनी १९८० नंतरच्या दशकात तयार केला. त्याची मार्गदर्शिका १९८६ मध्ये प्रसिद्ध झाली. गणित, भौतिकी व संगणकशास्त्र या विषयांतील शोधनिबंधांसाठी लाटेक् सर्वत्र रूढ आहे.

मॅक्रोचे कार्य : टेक्-मध्ये आज्ञेच्या आरंभी उलटी तिरपी रेघ देतात. सुमारे ३०० आज्ञा टेक्-मध्ये मूलभूत आहेत. क्नूथ यांनी त्यांच्यापासूनच आणखी सुमारे ६०० आज्ञा बनवून मूळ संचात दिल्या. लेखकालाही याच रीतीने स्वतःच्या आज्ञा बनविता येतात. व्याख्येत प्रथम नाव व नंतर महिरपी कंसांत त्याचा विस्तार देतात. लेखात ते नाव आले, की टेक् त्याच्या जागी विस्तार ठेवते व मगच पुढील जुळणी करते. विस्तारात नऊपर्यंत रिकाम्या जागा ठेवता येतात. प्रत्येक वापराच्या वेळी त्या नव्या मजकुराने भरल्या जातात.

समजा, ‘घात’ या नावाच्या मॅक्रोत दोन रिकाम्या जागा ठेवल्या : पहिलीत गुणक व दुसरीत घातांक. गुणाकाराचे चिन्ह, १० हा अंक आणि घातांकाचे उंच स्थान हे सर्व व्याख्येतच निश्चित केले. यानंतर लेखक ‘घात’, २·५ व १८ एवढेच लिहितो. घातांक ओळीत घसरण्याचा प्रश्न उरत नाही. त्याचप्रमाणे परिबलाचे चिन्ह ‘परिबल’ या मॅक्रोत ठेवल्यास लेखभर ते एकसारखे राहते. नियतकालिकाने वेगळ्या चिन्हाचा आग्रह धरला, तर एका ठिकाणी बदल करणे पुरते.

सूत्रांचे क्रमांकही मॅक्रोंनीच दिले जातात. लेखक सूत्राला एक खूणनाव देतो व मजकुरात त्या नावाने उल्लेख करतो. पहिल्या फेरीत संगणक खूणनावे व क्रमांक यांची नोंद एका साहाय्यक धारिकेत करतो व पुढील फेरीत ते क्रमांक मजकुरात भरतो. मध्येच नवे सूत्र घातले, तरी पुढचे सर्व उल्लेख आपोआप सुधारतात. खिळ्यांच्या काळात असे उल्लेख एकेक करून तपासावे लागत.

देवनागरीतील उपयोग : नेदर्लंड्समधील फ्रान्स फेल्टहाउस यांनी १९९१ मध्ये टेक्-साठी देवनागरी अक्षरसंच व त्याची पूर्वप्रक्रियक आज्ञावली सिद्ध केली, तीत मजकूर रोमन लिप्यंतरात लिहावा लागे. जॉनथन क्यू यांच्या ‘झीटेक्’ (२००४) या यूनिकोड स्वीकारणाऱ्या आवृत्तीमुळे देवनागरी मजकूर थेट लिहिणे शक्य झाले. योग्य अक्षरसंच निवडल्यास ‘दऱ्या’, ‘कुऱ्हाड’ यांसारख्या शब्दांतील रकार व मराठी वळणाचे ल आणि श नीट उमटतात. आज्ञेचे नावही देवनागरीत ठेवता येते. मराठीत परिभाषा अद्याप सर्वत्र एकरूप नाही. एकाच कल्पनेला कोणी ‘परिबल’, तर कोणी ‘आघूर्ण’ म्हणतो. पारिभाषिक संज्ञा मॅक्रोत ठेवल्यास एका लेखात दोन पर्यायांची सरमिसळ होत नाही. मात्र मराठी शब्दाला विभक्तिप्रत्यय लागताना सामान्यरूप होते. म्हणून मूळ रूप व सामान्यरूप यांसाठी स्वतंत्र मॅक्रो करणे इष्ट ठरते.

मर्यादा : अक्षरी नावाच्या आज्ञेलगतची मोकळी जागा टेक् गिळून टाकते, त्यामुळे पुढचा शब्द चिकटून छापला जाण्याचा संभव असतो. दोन मॅक्रोसंचांत एकच नाव आल्यास गोंधळ होतो. लेखकाने स्वतःचे फार मॅक्रो केल्यास संपादकाला व सहलेखकाला मूळ लेख वाचणे जड जाते. म्हणून व्याख्या थोड्या, अर्थसूचक नावांच्या व लेखाच्या आरंभी एकत्र असाव्यात. व्याख्याच चुकली, तर चूक प्रत्येक वापरात उमटते. परंतु ती एकाच जागी दुरुस्त होते. परिबलाचा आकडा खरा आहे की नाही, हे मात्र मॅक्रो सांगू शकत नाही. ते काम निरीक्षणाचे व लेखकाच्या विवेकाचे आहे.

टेक् व लाटेक् विनामूल्य उपलब्ध आहेत आणि साध्या संगणकावरही चालतात. त्यामुळे तालुक्याच्या गावातील महाविद्यालयीन अध्यापकालाही आपला शोधनिबंध मोठ्या मुद्रणालयाच्या तोडीने जुळविता येतो आणि त्यातील प्रत्येक घातांक स्वतः तपासून पुढे पाठविता येतो.