पाणी कुठं मुरतंय? – काळ्या मातीवरचा सीडरचा डेक

अमेरिकेत घर घेतलं की मराठी माणसाला क्रमाक्रमाने वेध लागतात. आधी तुळशीला ऊन कुठल्या खिडकीत मिळेल याचा शोध, मग गॅरेजमध्ये फळ्या, मग मागच्या अंगणात मेथी आणि मिरच्या. दोन-तीन उन्हाळे गेले, की घरातलं कुणीतरी म्हणतंच, "मागे एक डेक हवा बुवा." संध्याकाळचा चहा, मुलांचे वाढदिवस, भारतातून आलेल्या आईवडिलांची खुर्ची, सगळ्यांची सोय त्या एका लाकडी ओट्यावर होते. जुन्या वाड्याला जसा ओटा, तसा इथल्या घराला डेक.

आम्ही राहतो डॅलसच्या उत्तरेला. या भागाला ब्लॅकलँड प्रेअरी म्हणतात. उत्तरेच्या रेड रिव्हरपासून खाली सॅन अँटोनियोपर्यंत गेलेला काळ्या मातीचा पट्टा. एके काळी इथे कापसाचं राज्य होतं, आता घरं पिकतात. डेकचं ठरलं त्या वर्षी आमचे वडील सहा महिन्यांसाठी आले होते. उभी हयात परभणीकडे शेती केलेला माणूस. ऑगस्टच्या उन्हात मागच्या अंगणात गेले, जमिनीला पडलेल्या भेगेत हातातली काठी घातली. काठी वीतभर आत गेली. म्हणाले, "अरे, ही तर आपलीच माती! हिच्यावर घर बांधलंय तुम्ही?"

वडिलांनी भूगर्भशास्त्र वाचलेलं नाही, पण त्यांचं निदान अचूक होतं. शास्त्रज्ञ मराठवाडा-विदर्भातल्या काळ्या मातीला आणि इथल्या मातीला एकाच गटात टाकतात, व्हर्टिसॉल. आपली माती दख्खनच्या बेसॉल्टपासून झालेली, इथली जुन्या समुद्रतळाच्या चुनखडीयुक्त चिकणमातीपासून. पण दोन्हींत स्मेक्टाइट जातीची खनिजं भरपूर. त्यांच्या पापुद्र्यांमध्ये पाणी शिरलं की माती फुगते, वाळली की आक्रसते आणि भेगाळते. वरची भुसभुशीत माती भेगांतून खाली पडते, पुन्हा पाऊस आला की खालची वर ढकलली जाते. जमीन आपली आपणच नांगरून निघते. 'व्हर्टिसॉल' या नावाच्या मुळाशी 'उलटणे' या अर्थाचा लॅटिन शब्द आहे, तो याचसाठी.

आता डेकचा आणि याचा संबंध काय? फार मोठा आहे. चिकणमाती भार पेलायला कमी पडत नाही, हे आधी लक्षात घ्या. साधा हिशोब करू. आमचा डेक १२ फूट बाय १६ फूट, म्हणजे १९२ चौरस फूट. बांधकामाच्या नियमाप्रमाणे माणसांचा भार चौरस फुटाला ४० पौंड धरायचा, लाकडाचं स्वतःचं वजन १० पौंड. एकूण ९,६०० पौंड. दोन बीम, प्रत्येकाखाली तीन खांब. मधल्या खांबावर सर्वात जास्त, साधारण २,४०० पौंड येतात. चिकणमातीची सोसण्याची क्षमता नियमावली चौरस फुटाला १,५०० पौंड धरते. म्हणजे पायाला १.६ चौरस फूट जागा पुरते. १८ इंच व्यासाचा गोल तळ झाला की काम झालं.

मग डेक वाकडे का होतात? कारण इथला शत्रू वजन नाही, उचल आहे. घर जड असतं, डेक हलका. फुगलेली माती घराला उचलताना विचार करते, डेकला खेळण्यासारखा उचलते. ओली माती काँक्रीटच्या खांबाला चारी बाजूंनी पकडते आणि वर फुगताना त्यालाही घेऊन जाते. एका कोपऱ्यावर छताच्या पन्हाळीचं पाणी पडत असेल आणि दुसऱ्या कोपऱ्याजवळ ओकचं मोठं झाड पाणी शोषत असेल, तर एक कोपरा वर, दुसरा खाली. दोन वर्षांत डेकचा झोपाळा!

आम्ही तीन कंत्राटदार बोलावले. त्यातल्या एकाने उत्साहाने सांगितलं, "दोन फुटांचे सहा खड्डे, आणि घराच्या बाजूला फळी विटांना बोल्ट मारून पक्की. तीन दिवसांत डेक तयार." आम्ही विचारलं, "विटांना?" तो म्हणाला, "सगळे असंच करतात." त्याचे पैसे इतरांपेक्षा बरेच कमी होते. घरात दोन दिवस चर्चा झाली. शेवटी आम्ही नाही म्हटलं. का, ते सांगितलं पाहिजे, कारण आपल्यापैकी अनेकांची घरं अशीच आहेत.

इथल्या घराची बाहेरची वीट ही भिंत नव्हे, नुसतं अंगावरचं पांघरूण आहे. खरी भिंत आतली लाकडी. मध्ये हवेची पोकळी आणि दोघांना जोडणाऱ्या पत्र्याच्या पातळ पट्ट्या. त्या एका विटेच्या पांघरुणावर डेकचा भार टांगायला निवासी बांधकाम नियमावलीची मनाई आहे. शिवाय घर एका स्लॅबवर हलतं, डेक आपल्या खांबांवर हलतो. दोघांना बांधून ठेवलं तर कुणीतरी तुटणार.

आणि तुटणं म्हणजे काय, याची उदाहरणं आठवावीत. २९ जून २००३ रोजी शिकागोत एका इमारतीच्या मागचे लाकडी मजले पार्टीच्या गर्दीत कोसळले. १३ तरुण गेले. १६ जून २०१५ रोजी कॅलिफोर्नियात बर्कलीला पाचव्या मजल्याची बाल्कनी पडली. आतल्या आत पाणी मुरून लाकूड कुजलेलं होतं. सहा विद्यार्थी गेले. आमचा डेक जमिनीपासून जेमतेम दीड फूट, पण आपल्यापैकी कित्येकांचे डेक दुसऱ्या मजल्याच्या उंचीवर आहेत. आणि आपली गर्दी कशी असते ते काय सांगायचं! गणपतीच्या आरतीला ५० माणसं डेकवर उभी राहिली, सरासरी १५० पौंडांची, तर ७,५०० पौंड झाले. आमच्या डेकचा नियमातला आकडा ७,६८० आहे. नियमात सुरक्षिततेसाठी जास्तीची ताकद धरलेली असते हे खरं. पण ती चांगल्या सांध्यांसाठी, विटांत मारलेल्या बोल्टसाठी नव्हे.

म्हणून आम्ही डेक घरापासून सुटा ठेवला. घराकडच्या बाजूलाही स्वतःचे खांब, भिंतीपासून बोटभर फट, आणि दाराच्या उंबऱ्यापेक्षा डेक दोन इंच खाली, म्हणजे तो पुढेमागे उचलला गेला तरी दार अडणार नाही आणि पाणी घरात शिरणार नाही. विटांच्या तळाशी हवा-पाण्यासाठी ठेवलेली भोकं झाकली नाहीत. स्लॅबची कडाही उघडी ठेवली. वाळवी चढते ती तिथूनच, ती दिसली पाहिजे.

खड्डे चार फूट खोल घेतले, तळाशी घंटेसारखे रुंद. डॅलसमध्ये मातीची हालचाल सात ते पंधरा फुटांपर्यंत जाते, त्यामुळे चार फुटांनी ती थांबत नाही. पण ती वरच्या थरात सर्वात जास्त असते, म्हणून बरीच कमी होते. भारतातल्या इंजिनिअरांना ही घंटा ओळखीची वाटेल. रुरकीच्या केंद्रीय इमारत संशोधन संस्थेने काळ्या मातीसाठीच तळाशी फुगीर असलेले 'अंडर-रीम्ड' पाइल विकसित केले, त्याचाच हा धाकटा भाऊ. वरच्या भागात पुठ्ठ्याची गुळगुळीत नळी घालून काँक्रीट ओतलं. खड्ड्याच्या तोंडाशी काँक्रीट अळंब्यासारखं पसरू द्यायचं नाही, हे फार महत्त्वाचं. पसरलेल्या कडेखाली मातीला हात घालायला जागा मिळते आणि ती खांब उचलते. शिकागो-टोरांटोकडच्या वाचकांनाही हे लागू आहे. तिथे उचलणारं पाणी गोठलेलं असतं एवढंच. म्हणून शिकागोत ४२ इंच आणि टोरांटोत १.२ मीटर खाली जावं लागतं.

प्रत्येक काँक्रीटच्या माथ्यावर आटे असलेला जाड रॉड आणि त्यावर खांबाची लोखंडी बैठक बसवली. नट फिरवला की खांब वर-खाली होतो. आमचा सगळा विचार या नटात आहे. काळ्या मातीला हरवता येत नाही. तिच्याशी दर वर्षी थोडी बोलणी करावी लागतात.

आता लाकडाबद्दल. सीडर म्हटलं की आपल्याला देवदार आठवतो, पण दुकानात मिळणारा वेस्टर्न रेड सीडर देवदार नव्हे. तो ब्रिटिश कोलंबिया आणि वॉशिंग्टनकडचा थुजा, आपल्या बागेतल्या मोरपंखीचा नातेवाईक. त्याच्या गाभ्याच्या तांबूस लाकडात कुजण्याला विरोध करणारी नैसर्गिक द्रव्यं असतात. कडेच्या पांढुरक्या लाकडात ती नसतात, म्हणून फळ्या निवडताना पांढऱ्या पट्ट्यांच्या बाजूला ठेवाव्यात. मातीला टेकणाऱ्या भागाला सीडर वापरू नये. खांब, बीम, जॉइस्ट प्रेशर ट्रीटेड पाइनचे आणि वरच्या फळ्या तेवढ्या सीडरच्या. जॉइस्ट १६ इंचांवर, फळ्यांमध्ये पाव इंचाची फट.

खिळे-स्क्रूंवर कंजुषी करू नका. सीडरमधल्या टॅनिनची साध्या लोखंडाशी गाठ पडली की काळे डाग उतरतात. स्क्रू स्टेनलेस स्टीलचेच घ्यावेत. ट्रीटेड लाकडात घरगुती कामासाठी २००३ अखेरपर्यंत आर्सेनिकचं मिश्रण असे. आता तांब्याचं प्रमाण जास्त असलेली रसायनं असतात आणि ती हलक्या जस्तलेपाला लवकर खातात. तिथे जाड जस्ताचा गरम लेप दिलेलेच हँगर आणि बोल्ट हवेत.

या सगळ्यात वडील काय करत होते? पहिला पाऊस आला तशी छत्री घेऊन अंगणात उभे. "लाकूडबिकूड मागून बघा. पाणी कुठं मुरतंय ते आधी बघा." त्यांनी पाणी साचतं तिथे काड्या रोवल्या. त्यावरून कळलं की पन्हाळीचा पाईप बरोबर डेकच्या एका कोपऱ्यात रिकामा होत होता. आम्ही तो दहा फूट पुढे नेला आणि घरापासून पहिल्या दहा फुटांत सहा इंच उतार केला. डेकखालची माती आधी उतरती केली, मग त्यावर कापड आणि खडी. खोलगट खणून खडी भरली असती तर चिकणमातीत हौदच तयार झाला असता, आणि तो सावकाश खालची माती फुगवत बसला असता. उन्हाळ्यात उलट काम: घराभोवती झिरपणारी नळी सोडून माती एकसारखी दमट ठेवायची. माती फार ओली की फार कोरडी यापेक्षा इथे ओली आणि तिथे कोरडी, हे वाईट.

पहिल्या ऑगस्टमध्ये ओकच्या बाजूचा कोपरा अर्धा इंच खाली गेला. गवंडी लावतात तशी पारदर्शक नळीत पाणी भरून आम्ही सहाही खांब तपासले, नट फिरवले, अर्ध्या तासात डेक सपाट. वडिलांच्या गुडघ्यांना अर्ध्या इंचाची ठेच म्हणजे केवढी, हे ज्यांच्या घरी वडीलधारे आहेत त्यांना सांगायला नको.

फळ्यांना जाड रंग देऊ नये. तो पोपडे धरतो आणि खाली पाणी अडकतं. लाकडात मुरणारं तेलाचं स्टेन द्यावं, फळ्यांच्या कापलेल्या टोकांना तर नक्की. पाण्याचे चार थेंब टाकून पाहावं. थेंब मोत्यासारखे राहिले तर ठीक, लाकडाने पिऊन टाकले तर पुन्हा हात देण्याची वेळ झाली. सीडर मऊ असतो, जोराच्या पाण्याच्या मशीनने तो पिंजला जातो. मऊ ब्रश आणि बादली पुरे.

आमच्या घरी आता दोन दिवस ठरलेले आहेत. अक्षय्य तृतीयेच्या सुमारास, वसंतातल्या पावसाने माती फुगलेली असते तेव्हा, आणि दसऱ्याच्या सुमारास, उन्हाळ्याने ती आक्रसलेली असते तेव्हा, पाण्याची नळी काढायची आणि सहा खांब मोजायचे. खंडेनवमीला पाना आणि हातोडी पूजेत असतातच, त्यांना लगेच कामही मिळतं. सांधे, हँगर आणि जमिनीजवळचं लाकूड स्क्रूड्रायव्हरने टोचून पाहायचं. टोक सहज आत गेलं तर ती फळी बदलायची, पुढच्या वर्षावर ढकलायची नाही.

तुम्ही काम काढणार असाल तर एवढं करा. शहराची परवानगी आणि घरमालक संघाची मंजुरी घ्या. डेक ३० इंचांपेक्षा उंच असेल तर किमान ३६ इंचांचा कठडा लागतो, आणि त्याच्या गजांमधून चार इंचांचा चेंडूही जाता कामा नये. लहान मुलांची डोकी डोळ्यांसमोर ठेवूनच हा नियम केलेला आहे. आणि पहिली कुदळ मारण्याआधी काही दिवस ८११ या नंबरवर फोन करा. गॅस आणि विजेच्या तारा कुठून गेल्या आहेत ते फुकट येऊन खुणा करून देतात. मग एका पावसाची वाट पाहा, छत्री घ्या, आणि आधी पाणी कुठं मुरतंय ते बघा.