बर्फाला लावलेले गिरमिट

सुताराने लाकडाला गिरमिट लावले की भुसा त्याच्या सर्पिलाकार खाचेतून आपोआप वर येतो, हे आपण सर्वांनी पाहिले असेल. हेच अवजार कमरेइतके उंच केले, टोकाशी धारदार पाती बसविली व वर बॅटरीवरील मोटर जोडली, की ते बर्फ पोखरू लागते. फिनलंड, कॅनडा किंवा अमेरिकेतील मिनेसोटा येथे हिवाळ्यात लोक गोठलेल्या सरोवरावर बसून गळ टाकतात, तो अशा गिरमिटाने पाडलेल्या भोकातून. आमच्या सिरपूर तलावावर पौषातही बर्फाचा पापुद्रा धरत नाही. तेव्हा इंदूरच्या वाचकांस प्रथम हाच प्रश्न पडेल, की बर्फाखाली मासे जिवंत कसे राहतात?

पाणी ४ अंश सेल्सियसला सर्वांत जड असते. त्याहून थंड झालेले पाणी वरच राहते, तेथेच गोठते, आणि बर्फ हलका म्हणून तरंगतो. खाली पाणी उरते, व त्यात मासेही.

आता थोडे गणित करू. ६० सें.मी. जाडीच्या बर्फात २० सें.मी. व्यासाचे भोक पाडले तर सुमारे १७ किलो बर्फ निघतो. तो वितळविण्यास सुमारे ५७ लक्ष ज्यूल उष्णता लागेल. ४० व्होल्ट व ५ अँपिअर-तासांच्या बॅटरीत साठते अवघी ७.२ लक्ष ज्यूल ऊर्जा. म्हणजे एका भोकास आठ बॅटऱ्या! प्रत्यक्षात एका बॅटरीवर अनेक भोके पडतात, कारण गिरमिट बर्फ वितळवीत नाही, तासते. मात्र पाते तीक्ष्ण हवे. भोकात उरलेला चुरा झाऱ्याने काढतात, अगदी सराफ्यात कढईतून गराडू काढावे तसा.

पेट्रोलच्या गिरमिटाचा धूर बंद तंबूत प्राणघातक ठरू शकतो. बॅटरीला ते भय नाही. तथापि थंडीत लिथियम बॅटरीतील आयनांची हालचाल मंदावते व घरी पूर्ण भरलेली बॅटरी सरोवरावर लवकर दमते. म्हणून ती कोटाच्या आत, अंगाच्या उबेत नेतात. गोठणबिंदूखाली ती भारित करणे तर टाळावेच. आत लिथियम धातूचा थर साचून ती कायमची बिघडते.

खरा धोका निराळाच आहे. चालण्यास स्वच्छ, नवा बर्फ निदान ४ इंच जाड हवा, पांढरट असेल तर त्याच्या दुप्पट. आणि ओढा येऊन मिळतो तेथे तो एकाच सरोवरात पातळ असतो. गिरमिट क्षणात भोक पाडते, जाडी मोजता येते. पण ती आपण आधीच उभे आहोत त्या जागेची! पुढच्या पावलाखालचा बर्फ तपासावयास जुनी लोखंडी पहारच उपयोगी, असे आम्हांस वाटते. जाणते लोक किनाऱ्यापासून दर काही पावलांवर ती आपटीत जातात. शिवाय गळ्यात दोरीने दोन अणकुचीदार टोचे अडकविलेले असतात. बर्फ फुटलाच तर ते काठावर रोवून, पोटावर सरपटत, आलेल्या वाटेनेच बाहेर यावयाचे.