पाठीला मानवेल असा पलंग

चंद्रपूर जिल्ह्यात वरोऱ्याजवळ आनंदवन उभारणाऱ्या बाबा आमटे यांना मणक्याच्या विकारामुळे कित्येक वर्षे बसता येत नव्हते. १९८५ मधील ‘भारत जोडो’ यात्रेचा प्रवासही त्यांनी वाहनातील बिछान्यावर पडून केला. व्याधिग्रस्त शरीरासाठी बिछाना ही चैन नसून गरज असते.

डोक्याकडील व गुडघ्यांखालील भाग वर-खाली होणारा, रुग्णालयात ‘फाउलर बेड’ म्हणून परिचित असलेला पलंग घरीही उपयोगी पडतो. धड उंचावल्याने रात्रीची छातीतील जळजळ कमी होते, तर गुडघे किंचित उचलल्याने अनेकांच्या कमरेवरील ताण हलका होतो. आडवे होताच दम लागत असेल, तर मात्र पलंगाआधी डॉक्टरांना गाठावे. पाठ फार वेळ उंच ठेवल्यास शरीर खाली घसरते, त्वचा ओढली जाते आणि शय्याव्रणांचा धोका वाढतो.

निवड करताना काय पाहावे? दांडा फिरवण्याच्या पलंगाला सोबती लागतो. विजेवरचा पलंग वीज गेल्यावर खाली आणता येतो का, हे विचारावे. काठावर बसल्यावर तळपाय जमिनीला टेकावेत. गादी वाकणारी हवी. हिवतापाच्या गडचिरोलीत आणखी एक कसोटी आहे: पाठ उचलल्यावर मच्छरदाणी अंगाला चिकटू नये, कारण जाळीतूनही डास चावतो.

केवळ जळजळीचाच त्रास असेल, तर साध्या पलंगाच्या उशाकडील पायांखाली सहा ते आठ इंची भक्कम ठोकळे बसवूनही काम भागते.